हळकुंडाएवढं अंतर

शेजारच्या वावरात कुकर लागला की आधी आवाज येत नाही, वास येतो. कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागून वावरावावरांतून फिरणारा, पाण्याची टाकी आणि लोखंडी ड्रम लावलेला गाडा. त्यात खणून काढलेली हळद वाफेवर शिजते. ओली माती, कापूर आणि जुनं औषध एकत्र उकळावं तसा तो वास डोंगरकडा गावाच्या रस्त्यावरून कालव्यापर्यंत जातो, आणि मग गाव पिवळं व्हायला लागतं. आधी नखं, मग भाकरीची फडकी, मग मोटारसायकलींची हँडलं. आमच्या गल्लीतलं पांढरं कुत्रं या दिवसांत हळदीच्या ढिगावर झोपून झोपून नवरदेव होतं, ते पावसाळ्यापर्यंत उतरत नाही. हे सगळं मला अजून दिसतं, असं मी लोकांना सांगतो. खरं तर अर्धं दिसतं, अर्धं वासावरून भरतो. यंदा भरण्याचं काम जास्त झालं आहे.

मागच्या हंगामाच्या तोंडावर नांदेडच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत दिवा मारून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पडद्याचा मधला भाग वाळत चाललाय. दोन्ही डोळ्यांत. कडा राहतील बऱ्यापैकी."

माझी बायको, कौसा, शेजारी बसली होती. "म्हणजे लेकरू कसं भाकरीचं मधलं खातं अन् काठ ताटात ठेवतं, तसं?"

"तसंच," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एसटीत मी तिला म्हणालो, "काठ तरी ठेवून राहिला देव."

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "काठ कोण खातं?"

तेव्हापासून माझी नजर उलटी झाली. ज्याच्याकडे बघावं ते नाहीसं होतं आणि त्याच्या आजूबाजूचं फुकट दिसतं. कौसाला बघायचं तर तिच्या शेजारच्या माणसाकडे बघावं लागतं. त्यापायी गावात माझी उरलीसुरली अब्रू गेली. एकदा वाण्याच्या दुकानासमोर मी कौसाला नीट बघावं म्हणून तिच्या शेजारच्या सुलोचनाबाईंकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. बाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "काहून भावजी, काय झालं?" कौसा पिशवीत गूळ ठेवता ठेवता म्हणाली, "तुमच्याकडं न्हाई बघत ते. माझ्याकडं बघून राहिले." सुलोचनाबाईंना हे पटलं नाही. अजूनही पटलेलं नसावं.

बाकी सगळं काठानं भागतं. वावर काठानं बघता येतं, रस्ता काठानं चालता येतो. चेहरा तेवढा काठानं बघता येत नाही. चेहरा लहान असतो, मधल्या भोकात अख्खा मावतो. म्हणून मी एक बेत केला. कौसाचा एक फोटो काढायचा, फक्त चेहऱ्याचा, आणि तो दाराएवढा मोठा करून भिंतीला लावायचा. दाराएवढा चेहरा भोकात मावणार नाही, भोकाबाहेर सांडेल. आज कपाळ, उद्या डोळा, परवा हनुवटी, असं काठाकाठानं वेचून मी तिला बघत राहीन. डोळे आहेत तोवर. मात्र फोटो एकदम साफ हवा. पापणीचा केस न् केस वेगळा. आधीच डोळा धूसर, त्यात फोटो धूसर असून कसं चालेल?

तुम्ही म्हणाल, स्टुडिओवाल्याच्या बायकोचे घरात फोटो नसतील का? डोंगरकड्याच्या स्टँडसमोर माझा स्टुडिओ होता. पंचक्रोशीतल्या नवऱ्यांना हनुवटी वर, हनुवटी खाली करण्यात माझी उमेद गेली. कौसाचे फोटो दोनच. एक आमच्या लग्नातला, त्यात तिची मान इतकी खाली आहे की मुंडावळ्याच दिसतात. दुसरा रेशन कार्डावरचा, त्यात ती माझ्याकडे रेशनवाल्याकडे बघावं तसं बघते आहे.

परभणीला असलेली आमची लेक मनीषा म्हणाली, "पप्पा, फोनवर काढा ना. तो सगळं आपोआप करतो." मी म्हणालो, फोन चेहऱ्याला मेण लावतो, दाराएवढा केला की बाहुली होते. हे कारण देण्यापुरतं होतं. खरं कारण असं की मला तो माझ्या हातानं काढायचा होता. गाढवपणाला याहून मोठं कारण लागत नाही.

स्टुडिओतला माझा जुना कॅमेरा आरशाचा. त्यात भिंगातून आलेलं चित्रच आतल्या आरशावरून डोळ्याला दिसतं. साफ झालं की नाही ते डोळ्यानं ठरवायचं. माझा डोळा आता काहीच ठरवू शकत नव्हता. शिवाय त्याचा आरसाही वर अडकून बसला होता, मालकाच्या आजाराला साथ द्यावी तसा. भिंग मात्र ठणठणीत होतं. लग्नाच्या मांडवात, पिवळ्या बल्बखाली, उघड्या तोंडानं उजेड पिणारं माझं जुनं भिंग.

आणि कपाटात दुसरा एक कॅमेरा पडून होता, रशियन, खिडकीचा. सिद्धेश्वर धरणावरून बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअरसाहेबांनी तो जाताना मला दिला होता. त्याच्या भिंगाला बुरशी लागली होती, पण अंग शाबूत होतं. या कॅमेऱ्यात भिंग वेगळं आणि बघायची खिडकी वेगळी. खिडकीत सगळं जग कायम साफ दिसतं, भिंग काहीही करत असो. मधोमध मात्र चेहऱ्याची दोन चित्रं दिसतात, एक पक्कं आणि एक फिकं, भुतासारखं. भिंग फिरवलं की भूत सरकत येतं आणि पक्क्या चित्रावर बसतं. बसलं की अंतर जुळलं. याला रेंजफाइंडर म्हणतात.

एकाचं भिंग चांगलं, दुसऱ्याचं अंग चांगलं. मी दोघांचं लग्न लावायचं ठरवलं. मनीषानं मधला ॲडॅप्टर मागवून दिला. डब्बा उघडून कौसानं त्यात डोळा घालून बघितलं.

"यात तं काहीच न्हाई. नळी हाय नुसती."

"काही नसावं म्हणूनच असते ती."

आणि तसंच होतं. आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा हलायला जागा लागते, म्हणून त्याचं भिंग फिल्मपासून लांब उभं राहायला शिकलेलं असतं. खिडकीच्या कॅमेऱ्यात आरसा नाही, तरी त्या भिंगाला आपलं जुनं अंतर हवंच. ॲडॅप्टर त्याला ते देतो. जिथं आरसा असायचा तिथं आता पोकळी, आणि ती नेमकी तेवढीच राखायची. कडांनी काम चालवणाऱ्या माणसाला हे फार लवकर समजलं.

पण सून घरात आली म्हणून सासूचं ऐकतेच असं नाही. खिडकीतलं भूत सरकवणारा आत एक बारका दांडा असतो, आणि तो घरच्या भिंगालाच ओळखतो. माझं परक्या घरचं भिंग त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. भिंग कितीही फिरवा, भूत जागचं हलत नव्हतं. दोन चेहरे शेजारीशेजारी उभे, जन्मभर. मी मात्र खूश झालो. भूत चालत नाही म्हणजे आता बघून ठरवायचं काहीच उरलं नाही. माणूस किती लांब आहे ते मोजायचं, भिंगावरच्या आकड्यावर ते अंतर लावायचं आणि खटका दाबायचा. आंधळ्यासाठी याहून चांगला कॅमेरा देवानं केला नसेल.

पहिला अख्खा रोल मी भिंगाची टोपी न काढता काढला. खिडकीतून टोपी दिसत नाही, तिथं जग साफच असतं. न्हाणीघरात अंधार करून मी तो धुतला. अंधारात फिल्म गुंडाळायला डोळे लागत नाहीत, तिथं मी अजून कुणालाही हरवीन. कौसानं रोल उजेडाला धरला.

"कोरा हाय. टोपी काढली होती का?"

मी भिंगावर बोट फिरवून बघितलं.

"टोपी घालूनच काढले व्हय सगळे?"

"एक तरी हललाय का बघ त्यात," मी म्हणालो. "टोपी घातलेला फोटो कधी धूसर येत नाही."

त्यानंतर प्रत्येक फोटोआधी ती विचारायची, "टोपी काढली का?" भाजीत मीठ टाकलं का विचारावं तसं.

मोजायचं कसं, तर दोरीनं. कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीला मी एक दोरी बांधली, शिंप्याची टेप लावून बरोबर एक मीटरवर कापली. भिंगाच्या एकच्या आकड्यावर कानशीनं खाच पाडली, नखाला लागेल अशी. दोरीचं टोक कौसानं डोळ्याखालच्या हाडाला लावायचं, दोरी ताणली की मी खटका दाबायचा. डोळे, पापण्या, सगळं त्याच अंतरावर. भिंग मी पूर्ण उघडं ठेवलं होतं. तसं ठेवलं की बोट-दोन बोटांची पट्टी तेवढी साफ येते आणि तिच्या पुढचं-मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. भिंग बारीक केलं असतं तर पुढचा सगळा घोटाळा झालाच नसता. पण लग्नाच्या अल्बमची खोड. नवरी साफ आणि मांडव धूसर, याशिवाय मला फोटो वाटतच नाही.

मागच्या वर्षी आमच्या हळदीला कुकर लागला तो दिवस मला वासासकट आठवतो. ड्रमचं झाकण उघडलं की वाफेचा डोंगर उठायचा, त्यातून बायकांचे आवाज यायचे आणि माणसं मागून यायची. शिजलेली हळद ताडपत्रीवर पडताना ओल्या गारगोट्यांसारखी वाजायची. दिवस कलता होता. कौसा वाफेच्या पुढं उभी राहिली आणि मी दोरी तिच्या हातात दिली.

"अशी मोकळी दोरी मी तोंडाला लावणार न्हाई," ती म्हणाली.

"काहून?"

"लावू न्हाई."

"दोरी हाय ती, साप न्हाई."

"दोरी हाय म्हणूनच."

मोकळी दोरी सवाष्णीला अशुभ, असं ती मानते. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी तिचं मंगळसूत्र तुटलं होतं, तेव्हा ते ओवून येईपर्यंत तिनं दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं होतं. आताही तिनं तेच केलं. वाकून ताडपत्रीवरचं एक गरम हळकुंड उचललं, फुंकर मारली आणि दोरीच्या टोकाला बांधलं. हळकुंड बांधलं की दोरी दोरी राहत नाही. मग ते हळकुंड दोन बोटांत धरून तिनं गालाच्या हाडाला टेकवलं. "आता ओढा."

मला तेव्हा फार बरं वाटलं. कॅमेऱ्याला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक हळकुंडासकट बायकोच्या गालाला. नव्यानं लग्न लागतंय असं काहीतरी वाटून मी खटक्यावर खटके दाबत सुटलो. शिंप्याची टेप मात्र तेव्हा आठवली नाही.

धुतलेली फिल्म स्कॅन करून घेतली आणि फोटो मोठा करायला हिंगोलीच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. तिथं मोठे चेहरे दोनच कारणांसाठी छापतात. दुकानदारानं कौसाचा चेहरा स्क्रीनवर ओढला आणि आवाज उतरवून विचारलं, "काका, खाली काय टाकायचं? भावपूर्ण श्रद्धांजलीच ना?"

"टाका," माझ्यामागून कौसा म्हणाली. "मी उभीच हाय."

तो बिचारा इतका घाबरला की त्यानं फ्लेक्सला दोन जादा लोखंडी कड्या लावून दिल्या. मी कौसाला विचारलं, "कसा आला?"

"बराबर आलाय."

"साफ आलाय?"

"हळकुंड तं असं आलंय, उचलून घ्यावं. अन् मी लग्नातल्यावाणी दिसून राहिले. सुरकुती न्हाई एक."

हे वाक्य नीट ऐकलं असतं तर तिथंच सगळं कळलं असतं. स्टुडिओवाल्याला सुरकुत्या कशानं जातात हे ठाऊक असतं. पण मी कान कधीच वापरले नव्हते. आता कुठं शिकतो आहे.

फ्लेक्स बैठकीत लावला. मी रोज त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचो आणि मान वाकडी करून, कधी खिडकीकडे, कधी घड्याळाकडे बघत तिला वेचायचो. हळकुंड मला दिसायचं. त्याच्यावरच्या गोल रेघा, मोडलेलं टोक, गाठीतून सुटलेला दोरीचा तंतू, तिच्या नखाची पिवळी कड, सगळं दिसायचं. वर गेलं की धुकं. डोळ्याच्या जागी डाग, ओठाच्या जागी डाग. हळकुंड दिसावं आणि चेहरा दिसू नये, हा काय आजार म्हणायचा? मी समजलो की डोळ्यांनी आता माणूस ओळखून खायला सुरुवात केली. वस्तू ठेवतात, चेहरे नेतात. मृग गेला, पोळा गेला. खुर्ची मी उचलून पडवीत ठेवली. कौसानं विचारलं, "आता बघत न्हाई व्हय मला?" मी म्हणालो, "पाठ झालीस."

दिवाळीला मनीषा आली. चप्पल काढता काढता तिनं भिंतीकडे बघितलं.

"पप्पा, याचा फोकस हळकुंडावर आहे."

"म्हणजे?"

"आईचा चेहरा धूसर आलाय. पूर्ण. कुणालाही धूसरच दिसेल."

मी हसायला लागलो. कितीतरी महिन्यांनी. डोळे निर्दोष होते. जे साफ होतं ते त्यांनी मला इमानदारीनं साफ दाखवलं होतं, जे धूसर होतं ते धूसर. दोरी एक मीटरची, पुढं हळकुंड बोटभर. नेम बरोबर दोरीच्या टोकावर बसला आणि कौसा एक हळकुंड मागं राहिली. मी हसत होतो आणि मनीषा विचारत होती, पप्पा काय झालं, आणि मग माझ्या ध्यानात आलं की ते सगळे महिने मला दिसत होतं. हळकुंडाच्या रेघा मोजता येतील एवढं. फोटो साफ असता तर तिची पापणी न् पापणी वेचून झाली असती. त्या सायंकाळी मी फ्लेक्ससमोर परत बसलो. हळकुंड आता पिवळट डाग झालं होतं.

तरी हंगामाची वाट बघितली. फोन नाही, दुसरा कॅमेरा नाही. मीही तोच गाढव. भिंगावर एकच्या खाचेपुढं, हळकुंडाएवढं अंतर धरून, दुसरी खाच पाडली. कुकर लागला, वाफ उठली, कौसा पुढं उभी राहिली.

"टोपी काढली का?"

"काढली."

"मी लावलं टोक. ओढा."

नख नव्या खाचेत बसवून मी रोल संपवला. धुतलेली फिल्म कुरिअरनं परभणीला गेली. मनीषाचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं चहा पीत होतो. फोन मोठ्या आवाजावर लावला.

"पप्पा," ती म्हणाली आणि थांबली. "कान आलाय."

"कसला कान?"

"आईचा. कान एकदम साफ आलाय. कानातल्या फुलाचे खडे दिसतात. चेहरा नाही आला."

मला काही उमजेना. कौसानं बशी खाली ठेवली. "मी औंदा हळकुंड सोडून ठेवलं होतं," ती म्हणाली.

"काहून?"

"त्यानंच बिघडलं ना मागं."

"मग टोकाला काय होतं?"

"काही न्हाई. मोकळी दोरीच लावली तोंडाला."

मी तिच्याकडे बघितलं, म्हणजे दाराच्या कडीकडे बघितलं. लावू न्हाई म्हणणारी बाई. आणि हळकुंड नाही हे मला दिसलं नव्हतं, कारण ते नेमकं मधोमध असतं. "मी भिंग फिरवलं होतं," मी म्हणालो. "हळकुंडाएवढं."

फोनमध्ये मनीषा हसली आणि लगेच थांबली.

दुसरा फ्लेक्स केला नाही. कानासाठी कोण करतं? पण डोक्यात ते दोन फोटो शेजारीशेजारी लागलेले आहेत. एकात ती हळकुंडाच्या मागं राहिली, दुसऱ्यात कानाच्या पुढं. खिडकीतल्या त्या दोन चेहऱ्यांसारखे ते उभे आहेत, आणि सरकवणाऱ्या दांड्यापर्यंत काहीच पोचत नाही.

काल वावरात हळद वाळत होती. दिवस कासराभर उरला असेल. कौसा अनवाणी हळदीतून पाय ओढत फिरत होती. खालची हळकुंडं वर येताना किणकिण वाजत होती, त्या आवाजावरून मी तिला बघत होतो. बाजूच्या बाभळीकडे तोंड करून. गेल्या वर्षी बाभळीकडे बघितलं की ती दिसायची. काल बाभळीच्या शेजारीही पिवळंच होतं.

आवाज थांबला. "कुठं बघून राहिले?"

"तुझ्याकडं."

"मी इकडं हाय."

मी तोंड फिरवलं. तिकडंही पिवळंच.

ती जवळ आली असावी. मांडीवरच्या कॅमेऱ्याची दोरी हलली. "एक रोल हाय का अजून? चला, काढा. आता दोघं बराबर बोलून काढू." मी कॅमेरा उचलला, खिडकीला डोळा लावला. दोरी ताणली गेली. माझ्यापासून एक मीटरवर कुणीतरी होतं, एवढं दोरीनं सांगितलं. हळकुंड लावलंय की नाही, हे मी विचारलं नाही. कोणती खाच, हे तिनंही विचारलं नाही.

"टोपी काढली का?"

मी बोट पुढं नेऊन चाचपलं. टोपी होती.

"काढली," मी म्हणालो, आणि खटका दाबला.

"आला का बराबर?"

"बराबर आला."